रेशीम अडकेल असे दार

आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातून दिवसभर घासल्याचा आवाज येतो. खर्र खर्र, मग थोडी शांतता, मग सुर्र सुर्र. इतकी वर्षे शेजारी राहिल्यावर मला नुसत्या आवाजावरून कळते, काम कुठवर आले आहे. खर्र म्हणजे जुन्या रंगाचे पापुद्रे निघत आहेत. सुर्र म्हणजे आतले लाकूड उघडे पडले आणि आता बारीक पॉलिशपेपर फिरतो आहे. आणि कसलाच आवाज येत नसेल, तर काकू कापडाची गादी करून लाखेचे पॉलिश चढवत असतात. त्या वेळी त्यांना हाक मारण्यात अर्थ नसतो. दारात राजा येऊन उभा राहिला तरी त्याला पॉलिशचा हात वाळेपर्यंत थांबावे लागेल.

त्यांना सगळे पॉलिशकाकू म्हणतात. जुने कपाट, डुगडुगणारी खुर्ची, कुणाच्या आजोबांचे लिहायचे टेबल, थरावर थर रंग चढून जाडजूड झालेले दार, असे काय काय त्यांच्या अंगणात येते आणि जाताना ओळखू येत नाही. मी लाकूडकामातला माणूस नाही. पण एखादी गोष्ट नीट पाहायची तर घाई करू नये, एवढे मला कळते, आणि काकूंचे काम मी घाई न करता पाहिले आहे. दार आले की त्या पहिल्यांदा ते पालथे घालतात. समोरची बाजू पाहुण्यांसाठी असते, मागची बाजू खरे सांगते, असे त्यांचे म्हणणे. मग बिजागरीजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा रंग खरवडतात, उघड्या लाकडाला नाक लावतात आणि सांगतात, सागवान आहे, किंवा साधेच लाकूड आहे पण इमानदार आहे. लाकडाला इमानदार म्हणणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

हे काम त्यांना कुणी शिकवले नाही. त्याची सुरुवात एका टेबलापासून झाली, आणि ते टेबल काकांचे होते.

काका म्हणजे त्यांचे यजमान, गावातले टेलर. बाजारात त्यांचे छोटेसे दुकान होते. पुढे शिलाईचे मशीन, मागे कापड बेतायचे लांब टेबल. लग्न होऊन काकू नव्या नव्या दुकानात गेल्या, तेव्हा काका कुणाचे तरी भारी रेशमी कापड बेतत होते. कापड ओढताना फळीच्या कुसळात एक धागा अडकला, आणि या काठापासून त्या काठापर्यंत कापडावर एक रेघ उमटली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले. काकू सांगतात, माणूस चिडला असता तर मी दुसऱ्या दिवशी विसरून गेले असते. तो गप्प बसला म्हणून ते टेबल माझ्या डोक्यातून जाईना. सुट्टीच्या दिवशी त्यांनी दुकानाची किल्ली मागून घेतली, सुताराकडून पॉलिशपेपरचे उरलेसुरले तुकडे आणले आणि टेबल घासायला घेतले. पुढच्या सुट्टीला पुन्हा. त्याच्या पुढच्या सुट्टीला पुन्हा. तळहाताची साल निघाली, नवी आली, तीही निघाली. शेवटी एक दिवस काकांनी रेशमाची चिंधी घेतली, टेबलाच्या एका टोकाला ठेवली आणि दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेली. चिंधी कुठेही थांबली नाही. "पाण्यावरून गेली," ते म्हणाले. एवढे चांगले वाक्य काकांना संसारात पुन्हा कधी सुचले नाही, असे काकूंचे मत आहे. पुन्हा सुचायची गरज पडली नाही, असे काकांचे.

दुकानात येणाऱ्यांनी टेबल पाहिले. कुणी हात फिरवला, कुणी विचारले हे केले कुणी. एक बाई खुर्ची घेऊन आल्या, मग त्यांच्या जावेचे कपाट आले, आणि काकूंचा धंदा उभा राहिला. पण रेशमाची परीक्षा कायम राहिली. कुठलेही काम पुरे झाले की संध्याकाळी काका दुकानातून येताना चिंधी घेऊन येत. ती समोरून फिरवत, कडेने फिरवत, कोपऱ्यात घालत, पायांच्या मागून ओढत. धागा जिथे अडकेल तिथे बोट ठेवून नुसते "हं" म्हणत. "हं" आले की काकू पुन्हा पेपर हातात घेत. कपाट न्यायला आलेला माणूस टेम्पो घेऊन दारात ताटकळत उभा असे. एकदा एकजण वैतागून म्हणालाही, "काकू, मला कपाटात कपडे ठेवायचेत हो, कपाटाला कपडे घालायचे नाहीत." तरी कपाट त्या दिवशी गेले नाही.

बाहेरच्या कामात एवढा जीव, पण घरची दारे तशीच. हे घर त्यांनी दुसऱ्याकडून विकत घेतले होते आणि दारांवर त्या दुसऱ्याचा, त्याच्या आधीच्याचा आणि कदाचित त्याच्याही आधीच्याचा रंग होता. पुढची खोली, मग एक अरुंद, काळोखा बोळ, आणि बोळाच्या दोन्ही अंगांना चार दारे: स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर आणि अडगळीची खोली. घर थोडे कलते आहे, त्यामुळे दारे उघडी राहत नाहीत, आपली आपण मिटतात. रंग फुगलेला, पापुद्रे सुटलेले. लेक लग्नाआधी आईला चिडवायची, "आई, आपल्या घराला एखादी पॉलिशवाली बघ ना, चांगली असते म्हणे गल्लीत एक." काकू म्हणायच्या, करू गं, हे एवढे कपाट जाऊ दे. कपाट जायचे आणि टेबल यायचे.

काकांचे डोळे हळूहळू गेले. आधी काळ्या कापडावरची काळी शिलाई दिसेनाशी झाली, मग गिऱ्हाइकांचे चेहरे. एक डोळा पार विझला, दुसऱ्यात धुरातून पाहावे इतका उजेड राहिला. दुकान बंद करावे लागले. मशीन, कात्र्या, डबे, कापडाचे गठ्ठे, सगळे अडगळीच्या खोलीत आले. पण घरात काका एकटे हिंडत. बोळातून जात, हवे ते दार उघडत, परत येत. त्यांना अजून बऱ्यापैकी दिसते, असे काकूंना वाटे. मलाही वाटे.

मग शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन करून पाहू, आशा आहे. लेक त्याच शहरात राहते. काका-काकू तिच्याकडे गेले. ऑपरेशन झाले, डोळ्यावर पट्टी बांधली, आता हळूहळू उजेड येईल, धीर धरा, असे डॉक्टर म्हणाले. काका लेकीकडेच राहिले. काकू मात्र परत आल्या. लोकांची कामे अंगणात पडली आहेत, असे त्यांनी लेकीला सांगितले. ते खोटे नव्हते. पण आल्या आल्या त्यांनी लोकांच्या सामानावर चादर टाकली आणि स्वतःच्या घराचे पहिले दार बिजागरीतून काढले.

त्यांच्या मनात एक होते. काकांच्या डोळ्यांत उजेड येईल तेव्हा घरी आल्यावर त्यांना पहिल्यांदा आपली दारे दिसावीत. इतकी वर्षे दुसऱ्यांसाठी केले, ते एकदा त्यांच्यासाठी.

त्या दिवसांतला खर्र खर्र मी विसरणार नाही. सकाळी तोंड धुवायला उठावे तर भिंतीपलीकडे सुरू झालेला असे. हिरव्याखाली निळा रंग निघाला, निळ्याखाली तपकिरी, आणि तपकिरीखाली लाकूड. स्वयंपाकघराचे दार अस्सल सागवान निघाले, तेव्हा काकूंनी भिंतीवरून मला हाक मारून दाखवले. आपल्याच घरात इतकी वर्षे ओळख लपवून राहिलेला पाहुणा दाखवावा तसे. न्हाणीघराच्या दाराची खालची कड पाण्याने फुगली होती, ती त्यांनी रंधून सरळ केली. झोपायच्या खोलीच्या दाराला उभी चीर होती, ती त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून अशी भरली की दाखवल्याशिवाय सापडू नये. मग लाखेचे हात, एकावर एक. चारही दारे परत बसली, तेव्हा त्या काळोख्या बोळात कुणी दिवा लावल्यासारखे वाटले. काका नव्हते म्हणून रेशमाची चिंधी काकूंनी स्वतःच फिरवली. चारही दारांवर, दोन्ही बाजूंनी. ती कुठेच अडकली नाही.

उजेड आला नाही. कुणाची चूक नव्हती; डोळ्यात उजेड धरण्यासारखे काही उरलेच नव्हते. लेकीने फोनवर सांगितले आणि काही दिवसांनी जावई काकांना हाताला धरून घरी घेऊन आले. काकूंनी दारांचे सांगितले. न सांगून करणार काय, घरभर पॉलिशचा वास होता. काकांनी जवळच्या दारावर तळहात फिरवला, बराच वेळ फिरवला. "छान झालंय," ते म्हणाले. "खरंच छान."

त्यानंतर काका पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. शहरात जाण्याआधी घरभर फिरणारा माणूस जागचा हलेना. चहा अर्धा कप घेत. पाण्याचा पेला ठेवला तसा राही. डोळ्यांचे दुःख आहे, वेळ लागेल, असे येणारे-जाणारे सांगत. काकूंनाही तसेच वाटले. त्या मागे मागे राहायच्या, हाताला धरून न्यायच्या, आणि त्यांनी हात धरला की काका असे काही ताठ होत, जणू चारचौघांत कुणी त्यांचे कपडे उतरवत आहे.

लेकीचा फोन आला. तुम्ही दोघे इकडेच या, कायमचे. आमच्याकडे सगळे एका पातळीवर आहे, बाबांच्या खोलीला लागूनच न्हाणीघर आहे, घरात सदोदित कुणीतरी असते. घासाघाशीला जागा नाही हे खरे, पण आई, आता किती दिवस घासणार आहेस. तिचे काही चुकत नव्हते. आश्चर्य वाटले ते काकांचे. लेकीच्या घरी दोन दिवस काढले की ज्यांना घरची ओढ लागायची, ते लगेच म्हणाले, जाऊ. पुढच्या महिन्यात जावयांना सलग सुट्टी होती, तेव्हा गाडी घेऊन यायचे ठरले. घराला कुलूप लागणार, अंगण रिकामे होणार आणि काका दुसऱ्या एका खुर्चीत बसणार, हे सगळे एका फोनवर ठरले. काकूंनी त्या दिवशी कामाला हात लावला नाही.

मग एका दुपारी त्या स्पिरिटची बाटली घ्यायला आत आल्या आणि बोळाच्या तोंडाशी थांबल्या. काका उठले होते. घरात आपण एकटेच आहोत असे समजून ते बोळात उभे होते. एका दारावर त्यांनी हात ठेवला, वरून खाली नेला, काढला. समोरच्या दारावर ठेवला. परत पहिल्यावर. मग एक दार ढकलून आत गेले. ते अडगळीच्या खोलीचे होते. दार मागे मिटले. आत काहीतरी पडले. काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे काकूंना पाहवेना, आणि पाय मागेही घेता येईना.

स्पिरिटच्या वासाने काकांना कळले. "तू आहेस का तिथं?"

"हो. काय शोधताय अहो?"

"न्हाणीघर." ते हसल्यासारखे करून म्हणाले, "स्वतःच्या घरात."

काकू जवळ गेल्या. काकांनी स्वयंपाकघराच्या दारावर कमरेएवढ्या उंचीवर अंगठा टेकवला. "इथं रंगाचा पापुद्रा सुटलेला होता. नखाला लागायचा. लागला की समजायचं, स्वयंपाकघर. न्हाणीघराचं दार खाली फुगलेलं, ते पायाला कळायचं. आपल्या खोलीच्या दाराला चीर होती. आता सगळी एकसारखी झालीत."

"कधीपासून चाललंय हे?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला वाटत होतं, मला थोडंफार दिसतं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं." काकांनी दारावरचा हात काढला. "आणि आता कुठल्या तोंडानं सांगू? तू एवढं जीव ओतून केलंस. माझं ते खराब दार मला परत दे म्हणू?"

हे काकूंनीच मला नंतर सांगितले, एका खुर्चीचा पाय घासता घासता, माझ्याकडे न बघता. त्या म्हणाल्या, रेशीम कुठे अडकू नये म्हणून आयुष्यभर घासले, आणि ज्या दारांवर माणसाचा हात अडकायला हवा होता तीच सगळ्यांत गुळगुळीत करून बसले. त्या दिवशी त्यांना अर्ध्या कपाचा आणि भरल्या पेल्याचाही अर्थ लागला. वारंवार उठावे लागू नये, म्हणून माणूस तहान मारत होता.

पापुद्रे परत आणायचे तर कुठून आणणार? ते गोणीत भरून कधीच कचरागाडीत गेले होते. काकूंनी लेकीला फोन केला. जावई मोठे मायाळू. त्यांनी चिकटवायचे रबराचे आकार पाठवले, गोल, चौकोनी, चांदणी, फूल, दर दाराला एक. काकूंच्या पॉलिशवर ते टिकतात कसले. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची चांदणी दारावरून सुटली आणि काकांच्या बाहीला चिकटून दिवसभर घरात फिरत होती. खिळे मारू का, काकूंनी विचारले. काका म्हणाले, मार, आणि माझ्या सदऱ्यांना रोज ठिगळं लाव.

तेव्हा काकूंनी ठरवले. काका नको म्हणत होते, तुझ्या हातचे काम माझ्यासाठी बिघडवू नकोस म्हणत होते. काकूंनी ऐकून घेतले. "दारं मी घासली," त्या म्हणाल्या, "मीच खरवडीन. तुम्ही फक्त सांगा, कसं हवंय."

आधी न्हाणीघराचे घेतले. लाख उतरवली आणि तारेच्या ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढायला सुरुवात केली. असे केले की लाकडाचा मऊ भाग निघून जातो आणि टणक रेषा वर उभ्या राहतात. काका स्टूल टाकून शेजारी बसले. त्यांनी बोटे फिरवली. "कॉर्डरॉय," ते म्हणाले. "पण अजून हलका माल आहे. जाड कर." कॉर्डरॉय म्हणजे ते उभ्या उभ्या धारांचे जाड कापड, थंडीच्या दिवसांत ज्याच्या विजारी शिवतात. काकूंनी जाड केला. स्वयंपाकघराच्या सागवानावर त्यांनी गोल तोंडाच्या पटाशीने उथळ उथळ टवके काढले, एकाला एक लागून. काकांनी हात फिरवला आणि म्हणाले, टॉवेल. अडगळीच्या खोलीच्या दारावर त्यांनी कानस आडवीतिडवी चालवली आणि लाकूड तसेच कोरडे ठेवले. ते झाले गोणपाट.

राहिले झोपायच्या खोलीचे. काकू ब्रश घेऊन उभ्या राहिल्या तर काकांनी दारावर हात आडवा धरला.

"हे असू दे. इथं रेशीमच राहू दे."

काकू लाजल्या. मग त्यांच्या लक्षात आले की लाजलेले त्यांना दिसत नाही, आणि त्यांनी तोंडाने सांगितले, "लाजले मी."

आता गंमत अशी झाली की काकूंना काम बिघडवता येईना. दिवसा त्या दार खडबडीत करत आणि संध्याकाळी येता-जाता, बोलता बोलता, हातात पेपरचा तुकडा असला की त्यांचा हात आपोआप दारावरून फिरे. इथे जरासे कुसळ आहे, तिथे जराशी धार आहे. एक दिवस सकाळी काका बोळातून ओरडले, "अगं, माझा टॉवेल कुणी इस्त्री केला?" काकू पाहायला आल्या. स्वयंपाकघराच्या दारावरचे निम्मे टवके त्यांनी स्वतःच घासून काढले होते, आणि आपण ते कधी केले हे त्यांना शपथेवर सांगता आले नसते. काका हसायला लागले. आल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि इतके की भिंतीपलीकडे मला ऐकू आले. त्या दिवसापासून काकूंना बोळात पेपर नेण्याची बंदी झाली. काका जातीने झडती घेत.

याच दिवसांत फर्निचरच्या दुकानाचे मालक एक मोठे नक्षीदार कपाट घेऊन आले. काकूंचे जुने गिऱ्हाईक, निम्मे काम त्यांचेच. हात धुवायला आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, काकू, आतली दारे ज्याने केली त्याला पुन्हा उंबऱ्यात उभे करू नका. काकू कारण सांगू शकल्या असत्या. पुढच्या खोलीत काका बसले होते, त्यांना सगळे ऐकू जात होते. "मीच केलीत," काकू म्हणाल्या आणि कपाटाला लाख हवी की मेण, असे विचारले. मालक गोंधळले, कपाट ठेवून गेले, पण बाजारात कुजबुज झाली की पॉलिशकाकूंचा हात गेला. ती काकूंच्या कानावर आली. त्या दिवशी अंगणातला खर्र जरा जोरात ऐकू येत होता, एवढेच.

काका शिकत होते. सुरुवातीला चुकत, कॉर्डरॉय आणि टॉवेलमध्ये गोंधळ होई, मग स्वतःवरच चिडून पुढच्या खोलीत परत येत आणि पहिल्यापासून निघत. काकू अंगणातून कान देऊन असत, पण उठत नसत. न उठणे हे त्यांना लाखेपेक्षा अवघड गेले, असे त्या म्हणतात. हळूहळू चहाचा कप पुरा रिकामा येऊ लागला.

आणि लेक-जावई गाडी घेऊन आले. दारांचे काय काय केले, ते लेकीला फोनवर कळले होते, पण तिचे समाधान झाले नव्हते. दार ओळखले म्हणजे झाले का, असे तिचे म्हणणे. तिने वडिलांसाठी खोलीला नवा रंग दिला होता. खिडकीजवळ खुर्ची ठेवली होती. आल्या आल्या ती वडिलांच्या गळ्यात पडली. जावयांनी वाकून काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग सगळे बसले. गाडी आलेली पाहून मीही भेटायला गेलो होतो; परत निघालो तर काकूंनी मलाही बसवले. लेक सांगत होती, कुठल्या पिशव्या आज न्यायच्या, काय मागाहून. काकू ऐकत होत्या. काका ऐकत होते.

मध्येच काका उठले. "बसा, आलोच," म्हणाले आणि बोळात गेले.

लेक बोलायची थांबली. बोळातून हाताचा फरफर आवाज आला, थोडा थांबला, पुन्हा आला. मग एक दार कुरकुरले. त्या घरात वाढलेल्या पोरीला कुठले दार कसे कुरकुरते ते वेगळे सांगायला नको होते.

"आई, ते अडगळीच्या खोलीत गेले," ती म्हणाली आणि उठायला लागली.

काकूंनी तिचे मनगट धरले. "बस."

"अगं पण..."

"बस म्हटलं ना."

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. पत्र्यावर पत्रा वाजला. नंतर काकूंनी मला सांगितले, त्या क्षणी त्यांनाही वाटले होते की काका चुकले. लेकीच्या समोर, जावयाच्या समोर, नेमके आजच चुकले. आता बाहेर येतील आणि त्या दुपारचाच चेहरा असेल, आणि मग पिशव्या भरायच्या, दुसरे काही उरणार नाही. तरी त्यांनी मनगट सोडले नाही. लेकीच्या हातावर बोटे उमटली होती, मी पाहिली.

दार पुन्हा कुरकुरले. काका आले. काखेत एक पत्र्याचा डबा होता. भिंतीला हात लावत खुर्चीपर्यंत आले, बसले, डबा मांडीवर घेतला आणि झाकण उघडले. आत बटणे होती, दुकानातली, नाना तऱ्हेची.

"जावईबापू," काका म्हणाले, "तुमच्या उजव्या बाहीचं बटण तुटलंय. मघाशी हात धरलात तेव्हाच कळलं. एवढ्या लांब असेच आलात?"

जावयांनी बाही पाहिली. बटण नव्हते.

"सदरा काढू नका. हात तेवढा इकडे द्या."

काकांची बोटे डब्यात फिरली. एक बटण उचलले, टाकले, दुसरे उचलले, जावयांच्या दुसऱ्या बाहीवरच्या बटणाशी अंगठ्याने जुळवून पाहिले. चार भोकांचे, तेवढेच. मग झाकणाच्या आतून सुई आणि दोरा काढून त्यांनी लेकीसमोर धरला. "हे मात्र मला जमत नाही गं. ओवून दे."

लेकीने सुई घेतली. दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले, सुई उजेडात धरली. दोरा भोकाच्या बाजूने गेला. पुन्हा धरला, पुन्हा बाजूने गेला. तिला दिसेनाच. गालावरून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. काकू तिच्याकडे पाहत होत्या, पण पुढे झाल्या नाहीत. जावई बाही पुढे करून शाळेतल्या पोरासारखे गुडघ्यावर बसले होते.

काका जावयांचे मनगट हातात धरून थांबले होते. लेकीचा श्वास त्यांना ऐकू येत असणार.

"होऊ दे सावकाश," ते म्हणाले. "आम्हाला कुठं जायचंय?"

लेकीने दंडाने डोळे पुसले आणि दोरा पुन्हा ओला केला.